आईचा हात आणि दादाचं लग्न

आमचं घर तलावाच्या मधोमध होतं. केशोरीकडच्या त्या तलावात एक टेकाड, त्यावर आमच्याच भावकीची दोन-तीन घरं, आणि पावसाळ्यापासून होळीपर्यंत चारी बाजूंनी पाणी. डोंग्यात बसल्याशिवाय येणं नाही, जाणं नाही. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, पण ते काही पाणी ओलांडून आमच्याकडे आलं नव्हतं. असल्या बेटावर पोरगी कोण देणार? माझा दादा लग्नाला आलेला, मिशीला पीळ देऊन देऊन थकलेला.

पण पाहुणे यायचे हो! नुसती रीघ लागायची. कारण आईचा हात. अंबाडीच्या भाजीत झिंगे टाकावेत तर तिनेच, मरळ मासा तिळाच्या वाटणात शिजवावा तर तिनेच. पळसाच्या पानात दाबून निखाऱ्यात भाजलेले तिचे पानगे खाऊन एक म्हातारा तर पानंही चाटून गेला. लोक मुलगा बघायला म्हणून यायचे. दादाकडे एक नजर टाकायचे आणि उरलेला वेळ चुलीकडे बघायचे. जेवून, ढेकर देऊन, कळवतो म्हणून डोंग्यात बसायचे. कळवत कोणी नव्हतं, मेले! महिन्याभराने तेच पाहुणे पुन्हा मुलगा बघायला हजर. जणू मधल्या काळात दादाला नवं नाक फुटलं असेल.

त्यातला गोरेगावकडचा एक पाहुणा आमचा फार लाडका. पोट मोठं, माणूस गोड, आणि त्याची पोरगी बाजारात शिंगाडे विकत असताना दादाने पाहिलेली. तिचं नाव निघालं की दादा वैरण टाकायला पळायचा, गोठ्यात वैरण असो नसो. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्याने मला शपथ घालून सांगितलं होतं. पण तो पाहुणाही दर वेळी जेवून कळवतोच म्हणायचा.

एक दिवस बाबांना कोडं उलगडलं. आमच्या भागात रीतच अशी, की पोरगी दिली की बाप तिच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाही. निदान नातवंड होईपर्यंत नाही, आणि कट्टर माणूस जन्मभर नाही. म्हणजे सोयरीक जुळली की जेवण बंद! मग जुळवील कोण? बाबा हसत सुटले. आईने मात्र कपाळावर हात मारला. एवढं निगुतीने रांधून तिने स्वतःच्याच लेकाला घरी बसवून ठेवलं होतं.

पुढच्या वेळी गोरेगावचा पाहुणा आला तेव्हा आईने पदर खोचला आणि सूड उगवला. जाडा भात, त्यावर पाण्यासारखं वरण, कडेला मिठाची चिमूट. मी तोंडात पदर कोंबून दाराआड उभी. पाहुण्याने ताटाकडे पाहिलं. चुलीकडे पाहिलं. मग त्याचे डोळे चक्क भरून आले. माझं हसू जागीच थिजलं.

"बाई, मी आज पोरगी द्याले आलो होतो," तो म्हणाला. "मनलं, शेवटचं पोटभर खाऊन घेतो."

अगं बाई! मग जी धांदल उडाली म्हणता! आईने ते ताट उचलून थेट म्हशीपुढे ठेवलं. बाबा जाळं घेऊन धावले, दादा तर धोतरासकट पाण्यात. मी पळसाची पानं आणू की पाटा धुऊ, काही सुधरेना. काका सणासाठी राखलेले चिन्नोरचे वासाचे तांदूळ घेऊन आले, काकू तूप. पाहुणा बिचारा नको नको म्हणत होता आणि मान वळवून वळवून चुलीकडे बघत होता. आई घामाने निथळत होती आणि एकटीच हसत होती.

जेवायला दुपार कलली. पाहुणा जेवला, थांबला, पुन्हा जेवला. झिंगे संपवले, मरळीचं डोकं चोखलं. दादा ओल्या धोतराने खांबाला टेकून प्रत्येक घास मोजल्यागत बघत होता. शेवटचा पानगा खाऊन पाहुण्याने बोटं चाटली, हात धुतला, आणि त्याला जोराची उचकी लागली.

आईने लगबगीने पाण्याचा लोटा पुढे केला. उचक्या देत देतच त्याने तो हाताने हळूच बाजूला सारला.