एका घरातल्या दोन अंबुजा

गोष्ट २००४च्या जूनमधली. सकाळचे सव्वासात. एका शेगडीवर इडल्या, दुसरीवर चहा, आणि आमचे हे न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाका मारतायत. एवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, बडवलंच. समोरच्या क्वार्टरमधली कनका. अर्धीच वेणी घातलेली, हातात पोरीच्या वह्यांना लावायची लेबलं.

"अक्का, तुमचा फोन चालतोय का? आमचा बंद पडलाय. अस्की चुकलं माझं!"

अस्की म्हणजे सगळं. तिच्या तंजावरी मराठीतला हा शब्द चेन्नईजवळच्या आवडी गावात सात वर्षं राहून माझ्याही कानांच्या ओळखीचा झालाय; पण असा रडवेल्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

कनका आमच्या वसाहतीच्या इस्पितळात कॉम्प्युटरवर असते. टायपिस्ट म्हणून लागली, मग संध्याकाळच्या क्लासला जाऊन डेटाबेस शिकली. इतकी टापटिपीची, की कपडे वाळत घालताना चिमटेसुद्धा रंगानं जुळवते.

आदल्या दिवशी तिनं एक मोठं काम उरकलं होतं. शाळेत रक्तगट तपासणीचं शिबिर झालं होतं, त्याचा एक तक्ता. इस्पितळातल्या सगळ्या पेशंटचा मोठा तक्ता वेगळा. पहिल्यातले रक्तगट दुसऱ्यात चढवायचे. शाळेच्या फॉर्मवर पेशंट नंबर नव्हता, म्हणून तिनं कॉम्प्युटरला सांगितलं, नाव आणि क्वार्टर नंबर जुळला की रक्तगट उचलून तिकडे लिही.

"मग बिघडलं कुठे?" मी विचारलं.

तिनं एक लेबल पुढे केलं. त्यावर तिच्या मुलीचं नाव, अंबुजा.

कनकाच्या सासरी पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवतात. पण सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही, म्हणून घरात मुलगी नुसती पाप्पा, म्हणजे तमिळमधलं बाळ. नऊ वर्षांत कनकाच्या तोंडी 'अंबुजा' आलंच नव्हतं. लेबल लिहिताना हात थांबला तेव्हा तिला उमगलं, की कागदावर एकाच क्वार्टरमध्ये दोन अंबुजा आहेत आणि कॉम्प्युटरनं नातीचा बी पॉझिटिव्ह आजीपुढेही लिहिला असणार. आजी ओ निगेटिव्ह. कालपासून इस्पितळात, आणि नऊ वाजता पोटाचं ऑपरेशन.

फोन मीच लावून दिला. वॉर्डातल्या सरोजा सिस्टरचं तमिळ मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होतं.

"तुझ्या कॉम्प्युटरात वाचून आम्ही रक्त चढवतो वाटतं? आधी तपासतो, बाई! सकाळच्या नमुन्यात ओ निगेटिव्ह आलं आणि तुमच्या छापील कार्डावर बी. डॉक्टरांनी सगळं थांबवून ठेवलंय, दुसरा नमुना घ्यायला लावलाय. घोटाळा कुणाचा ते आत्ता कळलं!"

कनका आधी रडली, मग हसायलाच लागली.

"अक्का, सासूबाई आता मला जन्मभर ऐकवणार."

"ऐकवू देत की. ऐकवायला आहेत ना!"

तोवर चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि हे ओल्या अंगानं दारात.

मीही तिच्याबरोबर इस्पितळात गेले. नशीब, मोठ्या तक्त्याला हात लावण्याआधी तिनं त्याची नक्कल ठेवली होती, सवयच तिची. एका घरात एकच नाव दोनदा, अशा जोड्या तिनं बाहेर काढल्या. सत्तावीस निघाल्या! त्यातले आजी-आजोबा वयावरून ओळखले आणि त्यांचे रक्तगट नकलेतून परत आणले. मी मोठ्यानं वाचत होते, ती पेन्सिलीनं खुणा करत होती. दुसऱ्या नमुन्यातही ओ निगेटिव्हच आलं, मग ऑपरेशन अकराला झालं. दुपारी सासूबाईंनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "पाप्पा जेवली?"

संध्याकाळी रेकॉर्ड विभागाचे महेश सर आले. ते रागावतील म्हणून कनका पदर आवळून उभी. त्यांनी सत्तावीस जोड्यांची यादी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"सर, शाळेच्या फॉर्मवर पेशंट नंबराचा एक रकाना छापून द्या."