पडदा स्वच्छ केला तेव्हा

तात्यांना कॉम्प्युटर विभागातून काढून वजनकाट्यावर बसवलं, ते माझ्यामुळं. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. माहेर इंदापूरचं, डिप्लोमा पुण्यात झालेला. जळोचीत एका शिक्षिकेच्या घरी वरची खोली घेतली होती, तिथून कारखान्याच्या बसनं जायचे. विभागात बाई मी एकटीच. विभागाच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बघू जमतंय का, नाही जमलं तर टायपिंगचं काम आहेच. ते बोलणं मी विसरले नाही. विसरले असते तर कदाचित पुढचं झालं नसतं.

काचेच्या खोलीत एक मोठं मशीन होतं आणि त्याला जोडलेली पाच-सहा टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचं सगळं. मशीनला थेट जोडलेल्या पडद्याला कन्सोल म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीमला काही सांगायचं असलं, म्हणजे डिस्कवरची जागा भरत आली किंवा एखादा भाग वाचता येत नाही, की त्याची ओळ तिथं उमटते. खरं तर त्या पडद्यावर रोजचं काम करू नये. पण टर्मिनलं कमी होती आणि एक पडदा नुसता संदेशांसाठी रिकामा ठेवणं साहेबांना परवडणारं वाटत नव्हतं. म्हणून तिथं तात्या बसायचे.

तात्या कोऱ्हाळे बुद्रुकचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. तात्यांच्या उमेदीत कळप मोडला, शेतात ऊस आला आणि तात्या कारखान्यात चिटबॉय झाले. गावोगाव फिरून कुणी ऊस कधी लावला त्याची नोंद घ्यायची आणि तोडणीची पाळी आली की चिठ्ठी पोचवायची, हे चिटबॉयचं काम. सायकल हाणून हाणून गुडघे गेले, तेव्हा त्यांना आत बसवलं. दोन बोटांनी टाइप करायचे, पण चूक सापडायची नाही. लागणीची तारीख म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तारखेवर तोडणीचा क्रम ठरतो. नोंदच नसली तर तो ऊस शेवटाला जातो, उन्हाळ्यात वाळतो, वजनाला बसत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात, नोंदींच्या ऐन घाईत, तात्यांच्या पडद्यावर ओळी यायला लागल्या. गावाचं नाव भरता भरता मध्येच एक लांबलचक इंग्रजी ओळ फॉर्मवर आडवी पडायची. खालचे रकाने वर सरकायचे, कर्सर कुठं आहे ते कळायचं नाही. तात्या हात बाजूला घ्यायचे, खिशातली वही काढायचे आणि ती ओळ एकेक अक्षर बघून उतरवायचे. इंग्रजी त्यांना अक्षरओळखीपुरतंच येत होतं. मग फॉर्म पहिल्यापासून भरायचे.

मी एकदा म्हणाले, "तात्या, ते मशीनचं मशीनशी बोलणं आहे. तुम्ही नका लक्ष देऊ."

"आपल्या म्होरं बोलतंय म्हंजी आपल्याला आयकायला सांगतंय, बाई," ते म्हणाले आणि लिहीत राहिले. मला हसू आलं होतं. हे लिहिताना त्या हसण्याचीही लाज वाटते.

ओळींचा अर्थ मला कळत होता. डिस्कचे काही भाग वाचताना चुका होत होत्या. पुण्याच्या कंपनीला फोन करून मशीन दोन दिवस बंद ठेवावं लागलं असतं. पण त्याच आठवड्यात संचालक मंडळ कॉम्प्युटर बघायला येणार होतं आणि तोडणीच्या यादीचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता. मशीन बंद ठेवायचं म्हटलं असतं तर साहेब काय म्हणाले असते ते मला आधीच ऐकू येत होतं.

कुठला संदेश कुठं दाखवायचा हे सिस्टीमच्या एका छोट्या फाईलीत लिहिलेलं असायचं. डावीकडं संदेशाचा प्रकार, उजवीकडं तो जिथं जायचा ती जागा. मी आधी ते संदेश तात्यांच्या पडद्यावरून माझ्या टर्मिनलवर वळवले. तेवढं बरोबरच होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण आता त्या ओळी माझ्या यादीवर आडव्या पडायला लागल्या. दोन दिवस मी सहन केलं. संचालक यायच्या सकाळी उजवीकडं एका साध्या फाईलीचं नाव लिहिलं. त्यानंतर संदेश कुठल्याच पडद्यावर आले नाहीत, सगळे त्या फाईलीत जाऊन पडायला लागले. फाईल रोज उघडून बघायची असं मी ठरवलं होतं. आठवडाभर बघितली असेल.

संचालकांना यादी आवडली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

दोन-तीन दिवसांनी तात्यांनी विचारलं, "बाई, ती अक्षरं यायची बंद झाली. मशीन बरं झालं काय?"

"झालं नीट," मी म्हणाले.

महिन्याभरानं, एका दुपारी, मशीन बंद पडलं. त्याच दिवशी सकाळी लाइट गेली होती आणि तात्यांनी, त्यांना शिकवलं होतं तसं, आपल्या पडद्याचं बटण बंद केलं होतं. पडद्याचं फक्त. त्यानं डिस्कला काही होत नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून इंजिनिअर आला. डिस्क गेली होती. मी दर शनिवारी माहिती टेपवर उतरवून ठेवायचे, पण गेल्या महिन्यातली एकही टेप वाचता येईना. टेप लिहिताना होणाऱ्या चुकांचे संदेशही त्याच फाईलीत जात होते.

तात्या त्या इंजिनिअरला वही दाखवत होते, तेव्हा मी दारात उभी होते. त्यानं चार पानं उलटली, तारखा बघितल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, यानंतर या ओळी कुठं गेल्या. मी सांगितलं. तो माझ्याच वयाचा होता. रागावला नाही. "साहेबांना तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला.

मी दोन दिवस शब्द जुळवत होते. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. त्या दिवशी मशीनला हात कुणी लावला, असं विचारलं. तात्यांनी लगेच सांगितलं, लाइट गेली तेव्हा बटण मीच बंद केलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"त्यानं असं होऊ शकतं का?"

तात्याही माझ्याकडं बघत होते. त्यांनाही ते जाणून घ्यायचं होतं.

"होऊ शकतं," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तात्या काट्यावर गेले, बैलगाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे नंबर हातानं लिहायला. आम्ही सगळ्यांनी बसून नोंदी पुन्हा भरल्या. पण भरून झालेले कागदी फॉर्म कारखान्याच्या गावाकडच्या गट ऑफिसांना परत गेलेले, त्यातला कोऱ्हाळ्याचा एक गठ्ठा शेवटपर्यंत मिळाला नाही. त्या शेतांचा ऊस त्या हंगामात सगळ्यांच्या मागून तुटला. मी मशीनचे संदेश पुन्हा माझ्या पडद्यावर आणले आणि रोज वाचायला लागले. बस काट्यावरून जायची. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचे.

दशक संपता संपता मी कारखाना सोडला आणि इंदापूरला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. एकदा बारामतीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होते, तर फोनच्या बूथपाशी तात्या उभे. हातात चिठ्ठी होती, आणि ते एका अनोळखी माणसाला नंबर लावून द्यायला विनवत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. नंबर मी लावून दिला. बोलून झाल्यावर मी विचारलं, नंबर तर तुम्हाला वाचता येतो, मग स्वतः का नाही लावला.

"माज्या हाताला मशीन धार्जिणं न्हाय, बाई," ते हसून म्हणाले. "तुमी बघितलंच की तवा. घरात टीवी हाय, पर बटण मी दाबत न्हाय. सून लावती."

एवढी वर्षं मला वाटत होतं की माझ्यामुळं त्यांची जागा गेली. त्यांनी स्वतःलाच दोषी धरलं असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

तिथंच बाकावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं.  शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजी बटणानं न्हाय झालं?"

"नाही तात्या. बटणाचा काही संबंध नव्हता."

ती अक्षरं गेली कुठं, हे त्यांनी दोनदा समजावून घेतलं. मग उठले. "माज्याबरूबर गावाला चला."

आम्ही कोऱ्हाळ्याच्या एसटीत बसलो. त्यांनी मला आपल्या घरी नेलं नाही, शेजारच्या शेतकऱ्याच्या अंगणात नेलं. दोघांची विहीर एकच होती. हरवलेल्या गठ्ठ्यात या शेजाऱ्याचा फॉर्म होता. तात्यांनी मुद्दाम नोंद गाळली असं धरून त्यानं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. दोन्ही घरांचं लग्नकार्याला जाणं-येणंही तुटलं होतं. तात्या अंगणाच्या कडेलाच उभे राहिले आणि मला म्हणाले, सांगा.

मी सांगितलं. मशीन, डिस्क, संदेश हे शब्द त्या अंगणात नीट उभे राहीनात. शेवटी मी एवढंच म्हणाले की मशीन बिघडतंय हे मला माहीत होतं, मी ते झाकलं आणि आळ यांच्यावर येऊ दिला. यांनी तुमची नोंद केली होती.

 तो माणूस तात्यांना म्हणाला, "केली व्हती तर तवाच छातीठोक का न्हाय सांगितलंस?"

"माजंच काय चुकलं आसंल आसं वाटत व्हतं," तात्या म्हणाले.

त्याच्या बायकोनं आतून चहा आणला, तीन कप. तात्या आत येऊन बसले. मी माझा कप तसाच खाली ठेवला.

पुढं कारखान्यालाही मी पत्र लिहिलं. साहेब केव्हाच निवृत्त झाले होते. उत्तर आलं नाही.

कोऱ्हाळ्याहून निघताना, त्या संध्याकाळी, तात्या मला फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी लांबून दिसली तेव्हा म्हणाले, "लई उशीर केला बाई तुमी."

मी हो म्हणाले. त्यांनी हात करून गाडी थांबवली.