धोंडुमावशीचं एक वाक्य

मी मौलाली. शिवाजी पेठेत ऱ्हातो आणि शूटिंगला माणसं पुरवतो. बाजार दाखवायचा असंल तर बाजारातली गर्दी, लग्न असंल तर वऱ्हाड, मयत असंल तर रडाय बायका. पुण्या-मुंबईची माणसं म्हणत्यात, ही काय, नुसती गर्दी. अरं, त्या गर्दीत उन्हाचं चार तास उभं राहून बघ की एकदा, मग बोल.

माझ्या गर्दीतलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे धोंडुमावशी. शेजारचंच घर. वय सत्तरीला टेकलंय, पण सकाळी सहाला गाडी म्हणलं की साडेपाचला नऊवारी नेसून दारात हजर. चाळीस वर्षांत तिनं पडद्यावर पाणी भरलं, भांडणं बघितली, कुणास ठाव किती मयतांना रडली. बोलली मातूर एकदाबी न्हाय. "मौल्या, मरायच्या आत एक वाक्य दे रं मला," असं दर खेपंला म्हणायची. आता मी काय डायरेक्टर हाय व्हय? तरीबी म्हणायची.

घरात ती आणि तिची सून अनुजा, दोघीच. मावशीचा पोरगा जाऊन चार वर्षं झाली. मावशीचा नवरा तर तिच्या तरणेपणीच गेलता. अनुजा मेडिकलच्या दुकानात कामाला जाती. दोघींची एक रीत हाय. संक्रांतीनंतर गल्लीतल्या बायकांचं हळदी-कुंकू ज्या दिवशी असतंय, त्या दिवशी दुपारीच घराला कुलूप घालायचं, तिळाच्या वड्या बांधून घ्यायच्या आणि पिक्चरला जायचं. कुठला का असंना. मी आपला म्हणायचो, म्हातारीला पिक्चरचा लई नाद. शेवटी माझी बायको नजीरा मला म्हणाली, "तुमच्या डोक्यात कधी उजेड पडायचा? थेटरात तिकीट बघत्यात, कपाळ न्हाय बघत." तवा कुठं मला कळलं. लाज वाटली, खरं सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात ऋता म्याडम म्हणून एक तरणी डायरेक्टर पुण्यास्नं आली. माझ्या गर्दीवरनं नजर फिरवली आणि धोंडुमावशीपाशी थांबली. म्हणाली, "या आजींना एक वाक्य देऊया." मावशीनं माझा हात असा धरला की बांगडी असती तर फुटली असती. चाळीस वर्षं वाट बघितली हुती बाईनं.

सीन हळदी-कुंकवाचा हुता. तरणी विधवा दारात येती आणि घरातली म्हातारी तिला म्हणती, "तू मागं हो. तुझी सावली पडाय नको वाणावर."

मावशीचा चेहराच उतरला. "म्याडम, दुसरं वाक्य न्हाय का एखादं?"

ऋता म्याडम तिच्यापुढं जमिनीवर मांडी घालून बसली. "आजी, असं कुणी बोलतच नाही, असं दाखवू का मी?"

"बोलत्यात की," मावशी म्हणाली. "माझी सासू बोललीया मला. आक्ख्या गल्लीपुढं."

"मग तसंच बोला. लोकांना ऐकू दे, कसं लागतं ते."

मावशी तयार झाली. आठ दिवस नळावर, भाजीवालीपुढं, आमच्या शेळीपुढं वाक्य घोकत हुती. शेळी तिला बघितलं की बाजूला व्हायला लागली. पण घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. अनुजानं कौतुकानं विचारलं, "आत्ती, काय वाक्य हाय तुमचं?" तर ही बया म्हणाली, "या पावणं, चहा घ्या. एवढंच हाय." मी भिंतीपलीकडं ऐकत हुतो. कपाळावर हात मारून घेतला. पोरगी उद्या पिक्चर बघणार न्हाय व्हय?

शूटिंगला सहा वेळा वाक्य फसलं. म्हातारी त्या पोरीला हाकलती का जेवाय बोलावती, तेच कळंना. माझं डोकं तापलं. "मावशे, इतकी वर्षं माझा जीव खाल्लास, आता मिळालंय तर बोल की नीट."

ती हळूच म्हणाली, "ती पोरगी माझ्याकडं बघती रं. तिला खाली बघाय सांग."

नटीला खाली बघायला लावलं. सातव्या खेपंला मावशी जे बोलली, ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तिचा आवाजच नव्हता तो. नटी खरोखरची रडाय लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्याडमनं मिठी मारली. मावशी गाडीत जाऊन बसली आणि दुपारी जेवली न्हाय.

पिक्चर लागला तो नेमका संक्रांतीच्या आठवड्यात. हळदी-कुंकवाच्या दिवशी मावशीनं गुडघा धरला. "माझा गुडघा ठणकतोय. अनुजा, तूबी जाऊ नको, तसला काय चांगला न्हाय पिक्चर." आता सांगा, जिनं एका वाक्यासाठी चाळीस वर्षं काढली, ती म्हणती पिक्चर चांगला न्हाय. अनुजा काय खुळी हाय? तिनं वड्या बांधल्या आणि नजीराला न् मला घेऊन थेटरात गेली. माझा जीव टांगणीला लागलेला. ह्या वाक्यापायी त्या घरात दोन चुली झाल्या असत्या, तर ते पाप माझ्या माथी हुतं.

सीन आला. मावशीचं तोंड आक्ख्या पडद्याएवढं. वाक्य पडलं. माझ्या मागची एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "मेली. हिच्या जिभंला काय हाड हाय का न्हाय?"

अनुजा मागं वळली. "ओ बाई, नीट बोला. सासू हाय ती माझी."

पिक्चर सुटल्यावर रिक्षात अनुजा वड्यांची पुडी मांडीवर धरून बाहेर बघत बसली. रागावलीया, रडतीया, का काय, कळाय मार्ग न्हाय.

मावशी उंबऱ्यावर बसलेली. गुडघ्याचं सोंगबी इसरली हुती. आम्हाला बघितलं आणि मान खाली घातली. पलीकडं हळदी-कुंकवाला जाणाऱ्या बायका चाललेल्या. अनुजा तिच्याशेजारी उंबऱ्यावरच टेकली, वड्यांची पुडी सोडली आणि एक वडी तिच्या हातावर ठेवली.

"आत्ती, किती वेळा म्हणाय लावलं?"

"सात."

"तुमच्या सासूला एकाच खेपंला जमलं असंल."

मावशीनं पदर तोंडाला लावला.

"मला न्हाय कधी ऐकवलंसा ते," अनुजा म्हणाली. "चार वर्षं झाली. आज तरी ऐकवा की. माझ्याकडं बघून म्हणा, बघू जमतंय का."

मावशीनं मान वर केली. सुनंच्या तोंडाकडं बघितलं. ओठ हलले, पुन्यांदा हलले, पण काय बाहेर पडंना. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मौल्या, इसरलो की रं मी. काय हुतं ते वाक्य?"

सात वेळा शूटिंगला ऐकलेलं, आठ दिवस आमच्या शेळीसंगट ऐकलेलं, घटकाभरामागं थेटरात ऐकलेलं. झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन.

"या पावणं, चहा घ्या," मी म्हणलं. "एवढंच हुतं."

अनुजा हसत हसत चहा ठेवाय आत गेली.