तांडेल सरांचे वीस किलो

शाळेत तीस वर्षं नोकरी केली की माणसाकडे दोन गोष्टी साचतात, खडूची सर्दी आणि किस्से. सर्दीला औषध तरी आहे. किश्शांचं तसं नाही. चार जुनी माणसं जमली आणि चहा आला की ते बाहेर पडतातच. आमच्या डोंबिवलीच्या शाळेत सगळ्यांत जास्त किस्से एकाच महिन्यात जमले. आमचे तांडेल सर झांबियाला शिकवायला निघाले, तो महिना!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तांडेल सर फिजिक्सचे. ठाण्याच्या कोळीवाड्यात राहायचे, घरातले पहिले ग्रॅज्युएट. तिकडच्या एका सरकारी शाळेत दोन वर्षांसाठी त्यांची निवड झाली आणि पत्र आलं. पत्राच्या तळाशी एक ओळ होती, सोबत वीस किलो सामान नेता येईल. झालं! त्या दिवसापासून सरांच्या बॅगेत काय जावं, हे सर सोडून सगळा स्टाफ ठरवू लागला. मी जीवशास्त्र शिकवायचे. माझे सगळे सल्ले बरोबर होते, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

* * *

अडचण एकच होती. सरांच्या आईने, म्हणजे आयने, अजून ‘जा’ म्हटलेलं नव्हतं. ‘नको’ही म्हटलेलं नव्हतं. वडील लवकर गेलेले. आयने बाजारात मासळी विकून या एकुलत्या एका मुलाला शिकवलं होतं. सरांनी स्टाफरूममध्ये शांतपणे सांगून टाकलं, “आयच्या तोंडून ‘जा’ निघाल्याशिवाय मी विमानात बसणार नाही. तिकीट हातात आलं तरी नाही.”

मग समजूत घालायला मी ठाण्याला गेले. आय अंगणात सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत घालत बसली होती. मी झांबियाबद्दल पंधरा मिनिटं चांगलं बोलले. शाळा चांगली, माणसं चांगली, राहायला घर मिळणार. आयने सगळं ऐकून घेतलं आणि तिथून समुद्र किती लांब आहे, एवढंच विचारलं. मी शिक्षिका, खोटं कशी बोलणार? त्या देशाला समुद्र नाही, असं सांगून बसले.

“समुद्रच नाय?” आयचा हात थांबला. “मंग तिथली मानसं भात कशाशी खातात?”

परवानगी मिळाली नाही ती नाहीच, वर पावशेर सोडे घेऊन मी डोंबिवलीला परत आले.

* * *

कपड्यांचं खातं भूगोलाच्या साठे बाईंनी आपणहून घेतलं. आफ्रिका म्हणजे उष्ण, तेव्हा सगळे सुती शर्ट आणि एकसुद्धा लोकरीचं कापड नको, असा त्यांचा हुकूम होता. सरांनी बिचाऱ्यांनी सहा सुती शर्ट शिवून घेतले.

आठवड्याने साठे बाई तिसऱ्या तासाला वर्ग सोडून नकाशांचं पुस्तक छातीशी धरून धावत आल्या. सर जाणार होते ते लुसाका शहर चार हजार फुटांवर होतं आणि जूनमध्ये तिथे चांगली थंडी पडत होती. चूक झाली म्हणून त्या रडायच्या बेतात. पण बाई मोठ्या हिमतीच्या. सहामाही परीक्षेच्या सुपरव्हिजनला त्यांनी वर्गात येरझारा घालत आठ दिवसांत एक मरून रंगाचा स्वेटर विणून काढला. त्या आठ दिवसांत कॉपी करताना तीन मुलं पकडली, ती वेगळीच.

वीस वर्षं आफ्रिका शिकवून हे कसं सुटलं, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “उंची पुस्तकात होती हो, पण परीक्षेला कधी आलीच नाही.”

* * *

तांडेल सरांना चहासुद्धा करता येत नव्हता. तेव्हा कुकर न्यायचा, तर आधी शिकवायचा, असं मी ठरवलं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतच वरण-भात लावला.

कुकरमध्ये दाब का वाढतो, शिट्टी केव्हा होते, पाणी किती अंशांना उकळतं, हे सरांनी मलाच अर्धा तास उत्तम समजावलं. आता तांदळाला पाणी किती घालू, असं मात्र त्यांनी मलाच विचारलं. मी सांगितलं, पण सर त्यावर आपला काही हिशोब करत बसले आणि पाणी कमी पडलं. खिडकीला दहावीतली चाळीस पोरं लटकली होती. एवढी हजेरी सरांच्या कुठल्याच प्रॅक्टिकलला कधी लागली नव्हती.

सोमवारी मी सरांची वही उघडून पाहिली. साहित्य, कृती, सगळं शिस्तीत लिहिलेलं. निरीक्षण : भात करपला. अनुमान : भात करपण्यापूर्वी उतरवावा.

* * *

बातमी ठाकुर्लीपर्यंत पोचली. तिथून एका विद्यार्थ्याचे आजोबा दोन किलो थालीपिठाची भाजणी घेऊन शाळेत आले. त्यांचा जावई नायजेरियात होता. तुम्ही आफ्रिकेतच चाललाय, तर एखाद्या संध्याकाळी फिरत जाऊन एवढं देऊन या, असं त्यांचं म्हणणं!

साठे बाईंनी भिंतीवरचा नकाशा दाखवला, दोन्ही देशांवर पट्टी ठेवली. आजोबांनी पट्टी बाजूला सारून आपली बोटं ठेवली. “चार बोटं तर आहे,” ते म्हणाले, “जायचंच नसेल तर तसं सांगा.”

भाजणी शेवटी आम्ही स्टाफरूममध्येच संपवली. चांगली खमंग होती.

* * *

आता वजन. इथे गणिताच्या कुलकर्णी सरांनी सूत्रं हातात घेतली. घरगुती अंदाजावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रयोगशाळेत स्प्रिंगचा काटा होता, पण तो पाच किलोंच्या वर तोलत नसे. म्हणून एकेक वस्तू कापडी पिशवीत घालून काट्याला लटकवायची, फळ्यावर लिहायचं, असं ठरलं. पिशवीचं वजन दर वेळी वजा करायला कुलकर्णी सर एकदाही विसरले नाहीत. गडी काटेकोर!

कुकर, सहा शर्ट, स्वेटर, चादर, पुस्तकं, लोणचं. आयने पाठवलेलं सोडे-सुकटीचं पुडकं दोन किलो तीनशे भरलं. एवढं कशाला, म्हणून कुलकर्णी सरांनी कुरकुर केली, पण तांडेल सर त्या पुडक्याला कुणाला हात लावू देईनात. मग मीच दोन जाड पुस्तकं कमी केली. एकूण बेरीज एकोणीस किलो नऊशे पन्नास ग्रॅम. उरलेल्या पन्नास ग्रॅमसाठी आम्ही दोन रुमाल घेतले आणि फळ्यावर बरोबर वीस लिहिलं. हेडमास्तरांना बोलावून ते दाखवलंसुद्धा. मग निरोप समारंभात सगळ्या स्टाफने मिळून सरांना मोठी निळी सूटकेस दिली. कडक, टिकाऊ, पितळी कुलपांची. सगळं सामान तिच्यात छान बसलं.

* * *

आणि मग विमानतळ.

दुपारचं विमान. साठे बाई, कुलकर्णी सर, मी आणि आय बाहेर कठड्यापाशी उभे. आयने वाटभर एक शब्द काढला नव्हता. ‘जा’ अजून निघालंच नव्हतं. सामान तरी देऊन येतो, म्हणून सर आत गेले, तेसुद्धा तिच्याकडे वळून वळून बघत. तिने ‘परत ये’ म्हटलं असतं तर ते खरोखर परत फिरले असते. मी त्यांना ओळखत होते.

दहा मिनिटांत सर परत आले. सूटकेससकट. चेहरा पांढरा. काउंटरवर वजन साडेचोवीस किलो भरलं होतं.

असं होणंच शक्य नाही, म्हणून कुलकर्णी सरांनी खिशातला कागद काढून बेरीज पुन्हा केली. वीसच आली. साठे बाईंनी केली, वीस. मी केली, वीस. काउंटरचाच काटा बिघडलेला असणार, असं आमचं एकमत होत होतं. तेवढ्यात आयने सकाळपासून पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“पेटी धरली का?”

कुलकर्णी सर कागदावर पेटी शोधू लागले.

“टोपली नाय धरली तुमी,” आय म्हणाली. “आमी टोपलीचं वजन पयलं काढतो.”

फिजिक्स, गणित, भूगोल आणि जीवशास्त्र, चार विषयांचे शिक्षक तिथे खाली माना घालून उभे. मग कुलकर्णी सर सावरले. साडेचार किलो कमी करायला हवेत, सुरुवात या सुकटीपासून करू, म्हणून त्यांनी पुडक्याला हात घातला. आयने त्यांचा हात नुसता बाजूला केला. ती खाली बसली आणि तिने सगळं सामान फरशीवर काढलं. तळाशी अंथरुणासाठी घेतलेली सोलापुरी चादर होती, ती पसरली. त्यावर कुकर, पुस्तकं, स्वेटर, पुडकं, सगळं बेताने रचलं. चारी टोकं उचलून, वर गुडघा देऊन आवळली आणि अशी गाठ मारली की कुलकर्णी सरांनी ओढून पाहिली तरी ती तसूभर हलली नाही. रिकामी निळी सूटकेस तिने त्यांच्याच हातात दिली.

फिजिक्सचे तांडेल सर, अंगात नवा कोट, पायांत पॉलिश केलेले बूट, त्या गाठोड्याकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “आय, हे असं घेऊन मी जाऊ?”

आयने गाठ एकदा चाचपून पाहिली.

“जा, पोरा,” ती म्हणाली. “या गाठीवं वादळात होडी ऱ्हाते.”