निळा दिवा आणि विरजणाची साक्ष

आमच्या घरात कुणाच्या शब्दावर पटकन विश्वास ठेवणं हे आळशीपणाचं लक्षण मानलं जाई. वडील अमरावतीच्या कोर्टात वकील होते, आणि कोर्टातली सवय काळ्या कोटाबरोबर खुंटीला टांगून ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. भाजीवाली ‘आजचीच तोड आहे’ म्हणाली की ते भेंडीचा शेंडा मोडून पाहत. बडनेऱ्याची गाडी वेळेवर सुटली असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचं घड्याळ कुणाच्या घड्याळाला लावलेलं आहे हे विचारत. आईला याचा वैताग येई. मला मात्र तो स्वभाव जसाच्या तसा मिळाला, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी बाराएक वर्षांची असेन. गावातल्या एका तालमीनं पोहण्याचा तलाव बांधला आणि सकाळचा एक तास मुलींसाठी ठेवला. भोवती उंच भिंत, काठावर चित्रकलेच्या एक जाडजूड बाई खुर्ची टाकून बसलेल्या, आणि आम्ही फ्रॉक घालून पाण्यात. मी गाण्यात बेसूर, भरतकामात गाठी मारणारी, गणितात काठावर पास. पाण्यात मात्र मला कुणी गाठू शकत नसे. तिथं मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढं होते, आणि ते मला फार म्हणजे फार आवडलं.

आडवी आली ती ब्लिचिंग पावडर. तलावाचा माणूस पोत्यातली पावडर बादलीत कालवून अंदाजानं ओती, आणि त्याचा हात सैल सुटला की वास रस्त्यापर्यंत जाई. बाकीच्या मुलींचे डोळे लाल होऊन दुपारपर्यंत निवत. माझे सुजून बंद होत. आई दुधात भिजवलेले कापसाचे बोळे डोळ्यांवर ठेवी आणि तोंडानं तालमीचा उद्धार करी. डॉक्टरांनी सांगितलं, हिला पावडरीचं पाणी सोसत नाही. वडिलांनी निकाल दिला : “डोळे सुजत असतील तर पोहणं बंद. सुजले नाहीत तर हवी तितकी वर्षं पोह, मी आडवा येणार नाही.” हे वाक्य मी त्यांना आईसमोर पुन्हा म्हणायला लावलं. वकिलाच्या मुलीनं एवढं करायलाच हवं होतं.

त्याच उन्हाळ्यात अकोल्याहून माझे मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान, आले. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणं हा धंदा आणि नवनवी यंत्रं नातेवाइकांच्या गळ्यात मारणं हा छंद. आदल्या वर्षी त्यांनी आम्हाला डास मारायचं एक यंत्र दिलं होतं. त्याचा पहिला झटका आईला बसला, डासांना शेवटपर्यंत नाही. त्यामुळं ते घोंगडीत गुंडाळलेली लांबट वस्तू घेऊन ओसरीवर चढले तेव्हा आई पदराला हात पुसत आधी दोन पावलं मागं सरली.

घोंगडीतून एक काचेची नळी निघाली. कुठल्याशा दवाखान्याच्या लिलावात त्यांना मिळाली होती.

“वकीलसाहेब, पावडर कावून टाकून राहिले तुमी?” ते म्हणाले. “ह्या उजेडाखालून पानी गेलं की जंतू खतम. ना वास, ना डोयाची आग. अल्ट्राव्हायोलेट म्हन्तात याले. उन्हात असतेच तो, पन ह्या नळीत नुसता तेवढाच काढून ठेवला हाये.”

“दाखवा लावून,” वडील म्हणाले.

“लावतो, पन त्याच्याकडे पाहू नका. डोये जातीन.”

वडिलांनी चष्मा काढून पुसला. समोरच्या वकिलाचा साक्षीदार चुकीचं बोलला की ते असंच करत. “ज्याच्याकडे पाहायचं नाही,” ते म्हणाले, “ते काम करतं की नाही हे तपासायचं कसं?”

यावर मावसाजी नुसते हसले, आणि साडूचं हसणं वडिलांना कधीच सोसत नसे.

तरी दिवा तलावावर लागला, कारण मी घरात रडून गोंधळ घातला. तालमीच्या जागेचा दावा वडिलांनी फुकट चालवला होता, म्हणून ते समितीवर होते. त्यांच्या शब्दाला तिथं वजन होतं आणि नेमकं त्याचंच त्यांना भय होतं. उद्या दोन पोरं तापानं पडली, तर वकिलानं साडूचा माल तालमीला खपवला असं गाव म्हणेल. तलावाचं पाणी पंपानं वर चढून वाळूतून गाळून येई आणि एका उथळ पत्र्याच्या पन्हळीतून परत तलावात पडे. त्या पन्हळीवर मावसाजींनी लाकडी झाकणाखाली दिवा बसवला. फटीतून निळसर उजेड दिसे. पावडर थांबली.

पहिल्या दिवशी मी पाण्यात डोळे उघडले आणि तळाच्या फरशा मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसल्या. घरी आले तर डोळे जसेच्या तसे. आईनं बोटानं पापणी वर करून दोन्ही डोळे तपासले. “आज पाण्यात गेलीस ना नक्की?” तिनं विचारलं.

गंमत अशी की ज्या लोकांनी पावडरीच्या वासाला शिव्या घातल्या होत्या, त्यांनाच आता वासाशिवाय चैन पडेना. वास नाही म्हणजे औषध नाही, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं. कुणी म्हणे त्या उजेडानं मुली काळ्या पडतील. कुणी म्हणे हा नुसता देखाव्याचा दिवा आहे, नाटक कंपनीतला. मुलींच्या तासाला मुली कमी होऊ लागल्या. आणि वडील, आधीच संशयी, रोज संध्याकाळी समितीच्या लोकांचं ऐकून आणखी संशयी होऊन घरी येत.

शेवटी त्यांनी पुरावा घ्यायचं ठरवलं. जंतू मरतात हे डोळ्यांनी कसं पाहायचं? आमच्यासारख्यांच्या घरात जंतू म्हणून ओळखीचा असा एकच होता, विरजणातला. वडिलांचा युक्तिवाद सरळ होता. विरजण लावलेलं दूध त्या दिव्याखाली ठेवायचं. दिवा खरा असेल तर दही लागणार नाही. समितीत एकालाही यात खोट दिसली नाही. उलट सगळ्यांना तो फार हुशारीचा वाटला, कारण दही लागणं न लागणं प्रत्येकाला कळत होतं.

आईनं कुरकुरत कल्हईच्या पातेल्यात विरजण लावलेलं दूध दिलं. वडिलांनी तोंडाला फडकं बांधून गाठीवर लाख ओतली, तिच्यावर स्वतःची मोहोर उठवली आणि झाकणाखाली ठेवण्यापूर्वी समितीसमोर ती फोडली. पातेलं पन्हळीत ठेवायचं म्हणून पंप बंद केला होता. अमरावतीचा मे महिना. संध्याकाळ व्हायच्या आत दही लागलं, आणि असं लागलं की पातेलं तिरपं केलं तरी हलेना. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “वकीलसाहेब, दिवा जंतू मारत नाही, पोसते.” सगळे हसले. मावसाजी अकोल्याहून मुद्दाम आले होते, ते हसले नाहीत.

“दुधातून हा उजेड जात नाई न जी,” ते म्हणाले. “दूध दाट. वरच्या सायीवर पडते अन् तिथंच संपते. पानी वेगळं.”

“तलावाचं पाणी तरी कुठं आरशासारखं आहे?” वडिलांनी विचारलं. “आणि दिव्याखालून गेलेलं पाणी शुद्ध झालं असं क्षणभर धरू. पण तलावात एखाद्यानं चिखलाच्या पायांनी उडी मारली, तर त्या घाणीला तुमचा दिवा कुठं गाठणार? ती तर पन्हळीत नाही, तलावात आहे.”

मावसाजी गप्प झाले. एवढा बोलका माणूस गप्प झाला म्हणजे तो खोटा, असं समितीनं मानलं. मावसाजींनी दिवा काढला, घोंगडीत गुंडाळून आमच्या ओसरीवर ठेवला, “सावकाश पाठवून द्याजा,” म्हणाले, आणि जेवायला न थांबता स्टेशनावर गेले. आईनं त्यांच्यासाठी रस काढला होता. ती त्या दिवशी वडिलांशी बोलली नाही. दुसऱ्या सकाळी तलावात पावडर पडली, मी हट्टानं गेले आणि सुजून बंद झालेले डोळे घेऊन घरी आले. पोहणं संपलं.

मला वडिलांचा भयंकर राग आला होता, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या मी तो मोठ्यानं बोलून दाखवत होते. त्यांनी ऐकून घेतलं. पण पुढं जे झालं ते माझ्या रडण्यानं झालं नाही. त्या माणसाचा संशय एकदा सुरू झाला की स्वतःच्या दारातही थांबत नसे. दोन दिवस ते ओसरीवर येरझारा घालत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, “माझाच साक्षीदार कच्चा होता की काय, हे पाहिलं पाहिजे. थोडं विरजण दे.”

“दुपारीच मागा,” आई म्हणाली. “दिवेलागणीनंतर मी विरजण घराबाहेर देत नाही, आणि तुमच्या त्या दिव्याखाली तर मुळीच नाही.”

मग भर दुपारी, वाळ्याच्या ताट्या सोडलेल्या खोलीत, वडिलांनी दोन परातींत विहिरीचं पाणी घेतलं, अगदी तळ झाकेल एवढंच. दोन्हींत दह्याच्या निवळीचा एकेक थेंब टाकून ढवळला. एक परात दिव्याखाली, उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून वर एक लाकडी खोकं. दुसरी नुसतीच फडक्याखाली. मग दोन्हींतलं चमचा चमचा पाणी दोन वाट्यांतल्या दुधाला विरजण म्हणून लावलं. त्या दिवशी सगळं घर त्या दोन वाट्यांभोवती फिरत होतं. फडक्याखालच्या पाण्यानं दही लागलं, सैल पण लागलं. दिव्याखालचं पाणी लावलेलं दूध वाटी कलती केली की वाहत होतं.

मी टाळ्या पिटल्या. वडिलांनी मला गप्प केलं आणि आईकडे वळले. “तू एका वाटीतलं दूध जास्त कोमट केलंस का?” आई इतकी चिडली की तिनं वाट्याच उचलून नेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दूध तापवलं, पराती बदलल्या, आणि तेच घडलं. मग मात्र त्यांनी कोट चढवला आणि मला घेऊन अकोल्याची गाडी पकडली.

मोर्णा नदीत पाण्याचा टिपूस नव्हता. पूल ओलांडून आम्ही जुन्या शहराच्या गल्लीत शिरलो. मावशीनं दार उघडलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वडिलांकडे न बघता आत गेली. मावसाजी घराला लागूनच असलेल्या दुकानात मोटार उघडून बसले होते.

“दुधातून उजेड जात नाही, हे तुम्ही सांगितलं होतं,” वडील उभ्या उभ्याच म्हणाले. “मी ऐकलं नाही. चूक माझी. समितीपुढंही मी हेच सांगणार आहे.”

मावसाजींनी पक्कड खाली ठेवली. “तुमी ऐकलं असतं तं वकील कायचे?” ते म्हणाले, आणि आतल्या बाजूला तोंड करून चहा सांगितला. मग जरा वेळानं, खाली बघत : “पन तुमचा तो दुसरा सवाल बरोबर होता, वकीलसाहेब. पोट्टं चिखलाचे पाय घेऊन पान्यात पडलं तं तिथं दिवा काय करन? चिमूटभर पावडर लागनच. मले ते तवाच समजलं होतं. बोललो नाई. म्या मनलं, मंग तुमी दिवाच घेनार नाई.”

वडिलांनी मान हलवली. दोघांनी चहा प्यायला, आणि त्यांना एकमेकांशी इतकं नीट बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

समितीपुढं वडील उभे राहिले आणि आपण चुकलो असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. लोकांना ते आवडलं नाही. चुकलेला वकील कुणाला हवा असतो? पण दिवा परत बसला. पावडर टाकायची, पण अगदी थोडी, वडिलांनी ठरवून दिलेल्या वाटीनं. मुलींच्या तासाला पुरुषांना आत येता येत नसे, म्हणून वडील भिंतीबाहेर पंपाच्या खोलीत उभे राहून तलावाचा माणूस वाटीच भरतो की ओंजळ, यावर लक्ष ठेवत. त्या उन्हाळ्याचे उरलेले सगळे दिवस मी पोहले. एकदाही डोळे सुजले नाहीत. मला वाटलं, आता मरेपर्यंत पोहायचं.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव उघडला त्या सकाळी मी फ्रॉक पिशवीत भरत होते. आई म्हणाली, “यंदापासून नाही जायचं. मोठी झालीस आता. बरं दिसत नाही.”

मी वडिलांकडे धावले. ते कोर्टात जाण्यापूर्वी जेवत होते. मी म्हटलं, माझे डोळे सुजत नाहीत. हवी तितकी वर्षं पोह, असं तुम्ही दोनदा म्हणालात, एकदा तर आईसमोर. त्यांनी भात कालवला. मी वाट पाहत होते की आता ते चष्मा काढतील, आईला विचारतील की कुणाला बरं दिसत नाही, कुणी पाहिलं, त्यानं नेमकं काय बिघडतं. स्वतःचा पुरावासुद्धा ज्या माणसानं दोनदा तपासला होता, त्याच्याकडून मी एवढीच अपेक्षा करत होते.

“आई म्हणते तसंच असेल,” ते म्हणाले, आणि ताक मागितलं.

कोर्टात साक्षीदार ‘असेल’ म्हणाला की वडील त्याला सोडत नसत, असं त्यांचे कारकून कौतुकानं सांगत. मी पिशवीतला फ्रॉक काढून आईच्या हातात दिला. तो राग अजून माझ्यात आहे. त्यानंतर मी पाण्यात उतरले नाही.