उन्हात ठेवलेला तवा

आमच्याकडे रेकॉर्डला तवा म्हणतात. काळा आणि गोल, म्हणून तवा. या शब्दानेच माझा घोटाळा झाला असं मुलगी म्हणते. तसं काही नाही. उन्हात मीच ठेवला.

आमचे मालक वरणगावला फॅक्टरीत कामाला होते आणि गायन पार्टीत कोरसला गायचे. जयंतीचा महिना आला की बोदवडपर्यंतची गावं फिरायचे, घरी फक्त कपडे बदलायला यायचे. एकदा पार्टी मुंबईला गेली आणि एक छोटा तवा काढून आली. त्यातल्या एका गाण्यात मुख्य गायक दम घेतो आणि एक ओळ मालक एकटे म्हणतात.

"एका ओळीसाठी दोन दिवस खाडा केला?" मी विचारलं.

"ओळ माझ्या एकट्याची आहे," ते म्हणाले.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो आहेत. आवाज मात्र त्या एका ओळीतच होता.

मी जळगावात मेहरूणला एकटी राहते. मुलगी धुळ्याला दिली आहे. तिने मला फोन घेऊन दिला. मी चौथी शिकलेली, पण फोनला तोंडाने सांगितलं तरी गाणं लागतं. भाकरी करताना, भांडी घासताना फोनच वाजतो. तवे यंत्रावर फक्त रविवारी लावायचे, कारण पिन झिजते आणि नवी जळगावात मिळत नाही. जावई कुठून तरी मागवून देतात. असं माझं बरं चाललं होतं. फोनमध्ये सगळं जग होतं, फक्त ती ओळ नव्हती. जावयांनी शोध शोध शोधली, सापडली नाही.

होळीला ते एक वायर घेऊन आले. "आत्या, हा तवा फोनमध्ये भरून देतो."

"मग यंत्राचं काय करायचं?"

"मग कशाला लागतंय? काढून टाकू, खोली मोकळी होईल."

मी म्हटलं, आज नको. वायर त्यांनी पिशवीत परत ठेवली.

मे महिन्यात तवे पुसायला काढले. त्या छोट्या तव्यावर बुरशी आली होती. मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "पाण्याने धू, पण नीट सुकव. ओला ठेवू नको."

आता आमच्या घरात मे महिन्यात सुकव म्हटलं की गच्चीवर. गाद्या, डाळी, मिरच्या, कशाला ऊन दाखवायचं राहत नाही. त्या दिवशी माझे बिबडे, ज्वारीचे पापड, तेही गच्चीवर वाळत होते. त्याच चादरीच्या कडेला तवा ठेवला आणि खाली येऊन जेवायला बसले.

थोड्या वेळाने वरून शेजारीण ओरडली. ती धुळ्याकडची आहे. "अक्का, हाऊ काया बिबडा कसाना शे वं?"

काळा बिबडा म्हणे! मी हसले. जिना चढेपर्यंत हसत होते.

तवा खरंच बिबड्यासारखा झाला होता. एक कड वर, एक कड खाली. हात लावला तर मऊ लागला. शेजारणीने तो उलटा करून पाहिला. मग म्हणाली, "पाटाखाल ठेव, सरळ व्हई."

दोन दिवस वरवंट्यासकट पाट्याखाली ठेवला. थोडा बसला. पूर्ण नाही.

मुलगी आणि जावई दोघेही आले. या वेळी वायर काढायला त्यांना मीच सांगितलं. जावयांनी दोन काचांमध्ये धरून पाहिला, पिनेच्या दांडीवर नाणं चिकटवलं, मग नाणं काढून पाहिलं. पिन त्या उंचवट्यावर गेली की उडी मारते. गाणं सुरू होतं, कोरस येतो, मुख्य गायक थांबतो. मग मालकांनी श्वास घेतलेला ऐकू येतो. मग खट्. पुढे सगळ्यांचा आवाज.

सात-आठ वेळा लावलं. प्रत्येक वेळी तिथेच. मुलगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, चहा टाक.

जे वाजलं ते जावयांनी फोनमध्ये भरलं. म्हणाले, "आत्या, हा खट् काढून टाकतो. असं जोडतो की कुणाला कळणारच नाही."

"मला कळेल," मी म्हटलं. "राहू द्या."

जाताना त्यांनी यंत्राकडे पाहिलं, पण काढायचं का ते विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, मलाही माहीत नाही. होळीला हो म्हटलं असतं तर यंत्र गेलं असतं आणि ओळ राहिली असती. आता यंत्र आहे.

मुलगी फोनवर म्हणते, आई, तुझी चूक नाही, मीच सुकव म्हणाले. चूक माझीच आहे. पण चूक कबूल केली म्हणून ओळ परत येत नाही.

ओळीचे शब्द मला पाठ आहेत. एकदा म्हणूनही पाहिले. माझ्या आवाजात ते नुसतेच शब्द निघाले.

रविवारी अजून तवा लावते. फोनमध्येही तेच आहे, तरी लावते. त्यांचा श्वास येतो. मी पिनेकडे बघत बसते. ती उडते.