शुक्रवारची फारसी

उम्म अल हस्सम भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक इराणी मुलगी राहते. दर शुक्रवारी तिच्याकडे बहरीनमधली इराणी पोरंपोरी जेवायला जमतात. इथेच वाढलेल्यांची फारसी मोडकीतोडकी, पण ती कुणाला हसत नाही. चुकलेलं वाक्य स्वतः नीट म्हणून दाखवते आणि ताटात आणखी भात वाढते. मला ती ताई म्हणते. आमचं बोलणं इंग्रजीत, अधूनमधून हिंदीत.

तिकडे लढाई पेटली आणि इराणचे फोन लागेनासे झाले. त्या शुक्रवारी कुणी येणार नाही असं मला वाटलं होतं, पण सगळे आले. मी डाळ घेऊन गेले, तेव्हा एकेक जण तिच्याजवळ बसून काहीतरी सांगत होता आणि रडत होता.

"फोनवर घरी जे सांगायचं होतं, ते मला सांगा म्हटलं," ती मला म्हणाली.

सगळे गेल्यावर ती भांडी घासायला लागली. मी नळ बंद केला.

"आणि तुझं कोण ऐकणार?"

ती माझ्याकडे वळली.

"मला सांग. फारसीतच सांग."

ओल्या हातांनी माझे हात धरून ती कितीतरी वेळ बोलत होती. मला एक शब्द कळत नव्हता. मी प्रत्येक वाक्याला "हो बाळा, हो" म्हणत राहिले.